काचा वेचलेलं मैदान

आमच्या घरी पाहुण्यांना पाणी द्यायचं काम आई कधीच आत्याला सांगायची नाही. आत्या ग्लास आधी खिडकीकडे धरायची, एक डोळा बारीक करून तळापासून काठापर्यंत बघायची आणि मगच पाहुण्याच्या हातात द्यायची. पाहुणा बिचकायचा. आई कपाळाला हात लावायची. पण आत्याचा इलाज नव्हता. शाळा सुटल्यापासून ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. समोर पांढरा उजेड, त्या उजेडासमोरून पट्ट्यावर सरकत जाणाऱ्या बाटल्या आणि स्टुलावर बसलेली आत्या. बुडबुडा दिसला, तडा दिसला, बाटलीची मान वाकडी दिसली की उचलायची आणि मागच्या डब्यात टाकायची. दिवसभर हेच. तिने लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एक जण बघायला आला होता. उजेडाकडे धरून बघितला, तडा होता."

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आई घरी शिवणकाम करायची आणि आम्ही चौघं दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहायचो. आत्याची आणि माझी खोली एकच. ती घोरायची आणि सकाळी ते साफ नाकारायची.

आता मी ज्या क्लबात लहान मुलींना शिकवते, तो सुरू केला माझ्या शाळेतल्या खेळाच्या बाईंनी. बाई तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळलेल्या, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलेल्या. आधी फक्त बायकांचा एक संघ होता. त्यात एक नर्स होती, एक बस चालवणारी, दोघी दुकानात काम करणाऱ्या, एक बाळंतपणानंतर परत आलेली. मग त्यांच्या बहिणी, भाच्या, मुली मागे लागल्या, तसे बाईंनी वयाप्रमाणे संघ पाडले. सगळ्यात धाकट्या पोरींना चेंडू गुडघ्यापर्यंत यायचा. मी मधल्या संघात होते, बचावाला.

खेळायचो आम्ही सार्वजनिक मैदानावर. आधी आमच्या वाट्याला अख्खी संध्याकाळ होती. मग पुरुषांचा सराव संपल्यावर या असं झालं. मग अर्धं मैदान, मग गोलच्या मागचा कोपरा आणि एके दिवशी आम्ही गेलो तर फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, वरून सांगितलंय. बाईंनी ऑफिसात खेटे घातले, पण उपयोग झाला नाही. काही दिवस आम्ही एका गोदामामागे, जिथे ट्रक लावतात तिथे खेळलो. तिथून हाकललं, ते बरंच झालं म्हणायचं, कारण तोपर्यंत एकीच्याही गुडघ्याला कातडी उरली नव्हती. बाईंनी आम्हाला जवळ बोलावून सांगितलं की जागा मिळेपर्यंत सराव बंद.

त्या दिवशी मी घरी येऊन बूट कोपऱ्यात भिरकावले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आत्या घरीच होती. कारखाना नुकताच बंद पडला होता, भट्टी विझली होती. ती दिवसभर आईच्या स्वयंपाकघरात फिरून ताटल्या उलट्यापालट्या करून बघायची आणि आईच्या सहनशक्तीचा अंत बघायची. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच नवल. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मैदान केवढं लागतं?"

मी म्हटलं, मोठं.

"मोठं म्हणजे? आमच्या कारखान्यामागची जागा पुरेल?"

मी म्हटलं, पण तिथे सगळी काच आहे.

"ते मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "त्यातली बरीचशी मीच टाकलेली आहे."

खरंच होतं ते. नापास झालेल्या बाटल्या फोडून कारखान्यामागे त्यांचे ढीग करायचे आणि परत वितळवायला न्यायचे, असं कितीतरी वर्षं चाललं होतं. ढीग इकडचे तिकडे व्हायचे, त्यांच्यावरून गाड्या जायच्या. कारखाना बंद झाल्यावर ढीग उचलले, पण जी काच मातीत गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या मला तिथे घेऊन गेली. ऊन कलतं होतं. आम्ही भिंतीच्या कोपऱ्यावरून वळलो आणि माझे पाय जागीच थांबले. समोरची सगळी जमीन पेटली होती. हिरवी, तपकिरी, पांढरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं सुंदर आणि इतकं भीतिदायक मी त्याआधी काही बघितलं नव्हतं.

आत्या मात्र खूश झाली. "बघ," ती म्हणाली, "कलत्या उन्हात कशी लपायचं म्हटलं तरी लपत नाही."

कारखान्याचे जुने मॅनेजर यंत्रं विकण्यापुरते अजून ऑफिसात बसायचे. आत्याने त्यांना जागा मागितली. ते आधी हसले. आत्या हसत नाही हे बघून हसायचे थांबले. ते म्हणाले, असली जमीन तशीही कुणी विकत घेत नाही, खेळायचं तर खेळा, पण कुणाचा पाय कापला तर माझ्याकडे यायचं नाही. बाईंनी तर जागा बघून मागच्या मागे पाऊल घेतलं. त्यांनी आत्याला समजावलं की तुमचं मन मोठं आहे, पण मी पोरींना काचेवर उतरवणार नाही.

"आत्ता उतरवा कुठे म्हणतेय मी?" आत्या म्हणाली. "मी सांगेन तेव्हा उतरवा."

आणि ती कामाला लागली. दोन खुंट्या आणि दोऱ्या घेऊन तिने जमिनीचे पट्टे पाडले, एका वेळी हात दोन्हीकडे पोचेल एवढे रुंद. सकाळी ऊन तिरपं असताना एक फेरी, संध्याकाळी दुसरी. मधल्या वेळात, ऊन डोक्यावर असताना काच चमकत नाही, तेव्हा घरी. हातात कारखान्यातले जाड हातमोजे, बाजूला पत्र्याची बादली. ती उकिडवी बसून पुढे सरकायची. मोठे तुकडे आधी, मग नखाएवढे, मग तांदळाएवढे. एक पट्टा संपला की उलट्या दिशेने तोच पट्टा परत, कारण तिचं म्हणणं असं की काच एका बाजूने अंग चोरते.

बाबांना कळलं तेव्हा घरात भांडण झालं. बाबा सहसा आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लोक म्हणतील, नोकरी गेली म्हणून ही कचरा वेचायला लागली."

"म्हणू देत की. लोकांनाही काहीतरी काम हवंच."

बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण तिचे गुडघे दुखतात, रात्री उठताना ती भिंत धरते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एके दिवशी दाराशी एक बुटकं स्टूल ठेवलेलं दिसलं. त्याचे पाय रुंद फळ्यांचे होते, मातीत रुतू नये म्हणून. बाबांनी त्याबद्दल ब्र काढला नाही. आत्यानेही काढला नाही. ती स्टूल उचलून घेऊन गेली आणि त्या संध्याकाळपासून दोघं परत भांडायला लागली, म्हणजे सगळं नेहमीसारखं झालं.

पहिली मदतीला आली ती लंबी. आत्याच्या शेजारच्या स्टुलावर तिने आयुष्य काढलं होतं. ती नुसती बघायला आली होती. थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, तुझ्याकडून एक तुकडा सुटलाय, आणि खाली बसली. दोघींचं त्यावरून वाजलं. दुसऱ्या दिवशी लंबी स्वतःची बादली घेऊन आली. मग तपासणीवरच्या आणखी बायका आल्या. त्या रांगेत बसायच्या, पट्ट्यासमोर बसायच्या तशाच, आणि बोलत बोलत पुढे सरकायच्या. डोळे खाली, तोंड चालू. सुनांपासून सांधेदुखीपर्यंत सगळे विषय त्या मैदानावर निघाले. बायकांच्या संघातली नर्स कामावरून सुटली की मलमपट्टीचं सामान घेऊन यायची. आम्हा पोरींना काचेला हात लावायची मनाई होती. आम्ही भरलेल्या बादल्या दोघी दोघी मिळून भिंतीपाशी न्यायचो. काच किती जड असते ते तेव्हा कळलं.

निम्म्याच्या वर जमीन साफ झाली आणि जोराचा पाऊस झाला. सलग पडला. उघडल्यावर आत्या आणि मी गेलो. ढगांतून ऊन आलं आणि साफ केलेला सगळा भाग पुन्हा चमकायला लागला. वरची माती वाहून गेली होती आणि खालची काच वर आली होती. पहिल्या दिवसाइतकी नाही, पण होती. सगळीकडे होती.

आत्या बादली उलटी करून तिच्यावर बसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, पण तिचे खांदे असे पडलेले कधी बघितले नव्हते. घरी आल्यावर ती जेवली नाही, रेडिओ लावला नाही. आईने सुद्धा आवाज न करता भांडी घासली. मला वाटलं, संपलं.

सकाळी जाग आली तेव्हा तिचा पलंग रिकामा होता. मी शाळेची पिशवी तशीच टाकून धावत मैदानावर गेले. ती पहिल्या पट्ट्याच्या पहिल्या टोकाला, स्टुलावर बसलेली होती. दोऱ्या पुन्हा बांधलेल्या होत्या.

मी म्हटलं, "आत्या, परत पहिल्यापासून?"

"वर आली हे बरंच झालं," ती म्हणाली. मान वर केली नाही. "खाली राहिली असती तर मला दिसली असती का?"

मी आता जवळजवळ तिच्या तेव्हाच्या वयाची होत आलेय. खूप खेळाडू बघितल्या, मोडलेल्या पायाने परत उभ्या राहिलेल्याही बघितल्या. पण त्या सकाळचं ते वाक्य आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. कारण या बाईने तोपर्यंत फुटबॉलचा एक सामनाही बघितलेला नव्हता. एका संघात किती जणी असतात हेही तिला माहीत नव्हतं.

तिने एकच चौकशी केली होती. एकदा तिने बाईंना विचारलं, खेळताना सगळ्यात जास्त कोण पडतं? बाईंनी सांगितलं, गोलकीपर. "मग आधी तिची जागा," आत्या म्हणाली. दोन्ही गोलांसमोरची माती तिने आणि लंबीने गुडघाभर खणून काढली आणि बांधकामावर वाळू चाळतात त्या चाळणीतून सगळी चाळली. घमेल्यामागून घमेलं. संघातल्या बायकांनी आळीपाळीने चाळण हलवली. बस चालवणारी म्हणाली, इतके हात तर माझे घाटात गाडी वळवतानाही भरून येत नाहीत.

पुढे आणखी पाऊस आले, आणखी फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी वर येणारी काच कमी होत गेली. मग गवत पेरलं, ते उगवलं, आणि एका संध्याकाळी आत्याने बाईंना बोलावून सांगितलं, "आता उतरवा."

बाईंनी उतरवलं, पण एक नियम घातला. पडायचं नाही. धावा, पास द्या, गोल मारा, पण जमिनीला अंग लावायचं नाही. त्यांचा आत्यावर विश्वास नव्हता असं नाही. जबाबदारी त्यांची होती. आम्ही तसं खेळायला शिकलो. घसरत जाऊन चेंडू काढायचा प्रसंग आला की आम्ही जागच्या जागी थबकायचो आणि चेंडू निघून जायचा. आमची गोलकीपर खांबासारखी उभी राहायची. कडेला उभं राहून बघणाऱ्यांना आम्ही सगळ्या पाठीत लचक भरल्यासारख्या वाटायचो.

मग आमच्या मैदानावरचा पहिला सामना ठरला. मधल्या संघाचा, म्हणजे आमचा. त्या दिवशी कडेला दोरी बांधली होती आणि दोरीच्या पलीकडे सगळ्यांचे आईबाप, भावंडं, तपासणीवरच्या बायका. समोरचा संघ येऊन कपडे बदलत होता. तेवढ्यात आमच्या गोलकीपरची आई दोरीखालून आत आली आणि तिने मुलीचा हात धरला. ती पावाच्या दुकानात काम करायची, शांत बाई, कुणाशी वाद घालणाऱ्यांतली नव्हे. तिने बाईंना हळूच सांगितलं की सरावात ठीक होतं, पण सामन्यात पोरीला उडी मारावीच लागणार आणि या जमिनीवर मी तिला उडी मारू देणार नाही. कारखान्यात माझा दीर होता, इथे काय काय पुरलंय ते मला ठाऊक आहे.

हे ऐकून आणखी एक आई पुढे झाली. मग एक वडील. समोरच्या संघाच्या पोरी आमच्याकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण माझ्या आईचा हातही दोरीवर आलेला मला दिसला.

आत्या गोलच्या मागे उभी होती. तिने स्वेटर काढून लंबीच्या हातात दिला. बूट काढले, मोजे काढले, बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या. मग ती गोलच्या रेषेवर गेली आणि सरळ जमिनीवर आडवी झाली. आम्हाला वाटलं, तिला चक्कर आली. नर्स धावली सुद्धा. पण आत्या लोळायला लागली. एकदा या कुशीवर, एकदा त्या. हात डोक्याच्या वर ताणलेले, तोंड गवतात. ती गोलसमोरून लोळत निघाली, मधल्या रेषेकडे.

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. पन्नाशी उलटलेली, जाडजूड बाई, केस सुटलेले, अंगाला गवत चिकटलेलं. मध्ये दमली की थांबायची, छाती वरखाली व्हायची, आणि परत लोळायची. वाकडी जायला लागली तर लंबी कडेने चालत तिला सांगायची, डावीकडे घे. मधली रेषा आली. तिथे ती थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. इतके लोक होते, पण तिच्या श्वासाचा आवाज दोरीपर्यंत येत होता. बाबा माझ्या मागे उभे होते. मी वळून बघितलं तर त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

दुसऱ्या गोलमध्ये पोचल्यावर ती खांबाला धरून उठली. चक्कर येत असावी, कारण पहिली काही पावलं तिने भलतीकडेच टाकली. मग अख्खं मैदान अनवाणी चालत परत आली आणि गोलकीपरच्या आईसमोर दोन्ही हात पुढे केले.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. मी नाही घाई करत."

त्या बाईने खरोखर बघितलं. आत्याचे दंड, कोपरं, तळवे, गाल. हात फिरवून बघितलं. वाकून पायही बघितले. हिरवे डाग होते, माती होती, कोपरावर एक मुंगी होती. ओरखडा नव्हता. तिने मुंगी बोटाने उडवली, मुलीकडे वळली आणि तिच्या हातात तिचे हातमोजे दिले. दोरीपलीकडे सगळे तसेच उभे होते. मग बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण ती वाजेना. त्यांनी ती पंचांकडे दिली आणि आम्हाला एवढंच म्हणाल्या, "पोरींनो, आता पडा."

आम्ही पडलो. काय पडलो त्या दिवशी! गरज नसतानाही पडलो. पहिल्याच हल्ल्यात आमची गोलकीपर आडवी झेपावली, हवेत पूर्ण ताणलेली, आणि धपकन खाली आली. ती उठेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. ती उठली तेव्हा चेंडू तिच्या पोटाशी होता. पुढे मी घसरत जाऊन एकीच्या पायातला चेंडू काढला आणि गवत पाठीखालून सरकतं तेव्हा कसं वाटतं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. सामना आम्ही हरलो. घरी जाताना आत्याने विचारलं, कोण जिंकलं? मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली, "त्या पोरी पण चांगल्या पडत होत्या."

नंतर काही वर्षांनी ती जमीन सरकारी ताब्यात गेली आणि बाईंनी पाठपुरावा करून ती क्लबला मिळवली. तोवर आत्या क्लबात रुळली होती. माझी एकटीची आत्या सगळ्यांची आत्या झाली. नव्या पोरींना ती आधी मैदानाची कड दाखवायची, तिथे काही चमकलं तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची असं बजावायची. एकदा धाकट्या संघातल्या एका पोरीला कडेला बारीकसं कापलं. आत्या तिच्या घरी गेली आणि पोरीच्या आजोबांसमोर मान खाली घालून बसली. आजोबा म्हणाले, तिला खेळायला नाही मिळालं तर ती मला जास्त त्रास देते, तुम्ही चहा घ्या. तरी पुढचा आठवडाभर आत्या त्या कडेलाच बसलेली असायची.

मी तिला एकदा विचारलं होतं, हे सगळं का केलंस. मला वाटलं होतं, ती माझ्या रडण्याचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "रिकामं बसवत नव्हतं. आणि तुझी आई मला ताटल्यांना हात लावू देत नव्हती." यापलीकडे तिने कधी काही सांगितलं नाही, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे शिकण्यालाही ठाम नकार दिला.

आता तिचं वय झालंय. गेल्या महिन्यात बाईंच्या मनात आलं की सगळ्या संघांना एकाच वेळी मैदानावर उतरवून एक फोटो काढावा. एरवी प्रत्येक संघाची वेळ वेगळी. आत्याला बाबांनी खुर्चीवर आणून बसवलं होतं. धाकट्या आल्या, माझ्या आल्या, मधल्या आल्या, मोठ्या आल्या, मग बायकांचा संघ आला. आमची जुनी गोलकीपर आता त्या संघाला शिकवते, तीही आली. गवत दिसेनासं झालं. आत्या खुर्चीचे हात धरून उभी राहिली. तिची नजर एका टोकापासून निघून सावकाश दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली.

"ह्या सगळ्या आपल्याच?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, आपल्याच.

मग माझ्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, "मग तू इथे काय करतेस? जा, तुझ्या पोरी वाट बघतायत."